लेबर कोडचं भांडण समजून घ्यायचंय? आधी आपल्या कारखान्याचा आकडा काढा

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने चारही लेबर कोड एकदम लागू केले आणि तेव्हापासून इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कंपनी बसमध्ये, इंदूरच्या सांवेर रोडच्या टपरीवर, आपल्या घरात रात्री जेवताना तोच विषय, आता कंपनी कधीही काढून टाकेल का, संप करता येईल का, यूनियनला काही अर्थ राहिला का. एका ग्रुपवर मेसेज येतो की कामगाराला गुलाम केलं, दुसऱ्या ग्रुपवर येतो की स्वातंत्र्यानंतरची सगळ्यात मोठी सुधारणा झाली, आणि ज्याचं घर त्या पगारावर चालतं त्याला दोन्ही वाचून माझं नक्की काय होणार ते कळतच नाही. मी बरीच वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत, हजेरी, मस्टर, पगारपत्रक, फुल अँड फायनल हेच काम. त्यावरून मला पक्कं वाटतं की हा वाद घोषणांवरून समजत नाही, आकड्यांवरून समजतो. मुख्य आकडे चार आहेत, २० (तक्रार समितीचा), ३०० (कपातीच्या परवानगीचा), ५१ (यूनियनच्या टक्केवारीचा) आणि १४ (संपाच्या नोटीसच्या दिवसांचा). हे चार आकडे आपल्या कारखान्याला लावून बघितले की यूनियनवाला कुठे बरोबर बोलतोय आणि सरकार कुठे बरोबर बोलतंय ते आपलं आपल्याला दिसायला लागतं. कसं लावायचं तेच खाली सांगतो.

थोडं मागचं सांगणं भाग आहे. २९ जुने कायदे मोडून चार कोड केले, वेतनाचा, औद्योगिक संबंधांचा, सामाजिक सुरक्षेचा आणि कामाच्या जागेवरच्या सुरक्षा-आरोग्याचा. वेतनाचा कोड २०१९ मध्ये पास झाला, बाकीचे तीन सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन करोनात, आणि राज्यसभेत मंजूर झाले त्या दिवशी विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू होता, त्यामुळे तिथे नीट उलटतपासणी झालीच नाही. तेव्हा कामगार मंत्री संतोष गंगवार होते, लागू झाले ते मनसुख मांडवियांच्या काळात, मधली पाच वर्षं कोड नुसते पुस्तकात. यूनियनवाल्यांची पहिली तक्रार हीच आहे की आमच्याशी बोललात कुठे, कारण सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसतात ती भारतीय श्रम परिषद शेवटची भरली जुलै २०१५ मध्ये. ही तक्रार मला खरी वाटते. एवढा मोठा बदल करायचा आणि ज्याच्यासाठी करतोय त्याला टेबलावर बसवायचं नाही हे चुकीचंच आहे, मग कोडमध्ये चांगलं किती आणि वाईट किती तो पुढचा प्रश्न.

पण सरकारने हे एका रात्रीत काढलं असंही कोणी सांगू नये. कायदे एकत्र करा ही शिफारस दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ मध्येच केली होती, म्हणजे या विषयावर दोन्हीकडच्या पार्ट्यांची सरकारं बसून होती.

खरं भांडण औद्योगिक संबंध कोडवर आहे, त्याला पुढे आयआर कोड म्हणतो. यात तीन जुने कायदे गेले, १९२६ चा ट्रेड यूनियनचा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डरचा आणि १९४७ चा औद्योगिक विवादाचा. कोणी तुम्हाला "लेबर कोड" म्हणून काही सांगायला लागला की पहिला प्रश्न विचारा, चारातला कुठला. ग्रॅच्युइटी, अपॉइंटमेंट लेटर आणि संप ही तीन वेगवेगळ्या कोडमधली गोष्ट आहे आणि वाद घालणारे तिन्ही एकात घोळतात, एक बाजू ग्रॅच्युइटी दाखवून संपाचा विषय झाकते आणि दुसरी संप दाखवून ग्रॅच्युइटीचा.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी बघायचं की तुमचं सरकार कोणतं. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा, आणि खाजगी कारखान्यासाठी नियम राज्य करतं, रेल्वे, बँक, विमा, खाणी यांच्यासाठी केंद्र. म्हणून टीव्हीवर केंद्राच्या नियमांबद्दल जे सांगतात ते सांवेर रोडच्या पाइपच्या कारखान्याला जसंच्या तसं लागू होईल असं धरू नका, मध्य प्रदेशचे नियम बघावे लागतात. आणि जुन्या नियमांमधलं जे कोडच्या विरुद्ध जात नाही ते नवे नियम येईपर्यंत चालू राहतं, त्यामुळे "आता कुठलाच कायदा नाही" असं एचआरवाला म्हणाला तर ऐकून घेऊ नका. दुसरं, पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. आपण इंदूरला राहतो, बस इंदूरहून सुटते, म्हणून लोक इंदूरच्या लेबर ऑफिसला अर्ज घेऊन जातात आणि तिथून परत येतात. अर्ज जिथे कारखाना आहे तिथल्या अधिकाऱ्याकडे जातो. राज्याचं श्रम आयुक्त कार्यालय इंदूरलाच आहे हा आपला फायदा, वरची तक्रार करायला भोपाळला जावं लागत नाही, पण पहिली पायरी खालच्याच ऑफिसात.

मग माणसं मोजा. गेटवर किती येतात ते नाही, कोणाच्या मस्टरवर किती आहेत ते. तीन ढीग करा. एक, कंपनीचे परमनंट. दोन, कंपनीचेच पण ठराविक मुदतीचे, म्हणजे फिक्स्ड टर्म. तीन, ठेकेदाराची माणसं. आपल्याकडे पीथमपूरला कित्येक कारखान्यांत तिसरा ढीग पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि सगळा खेळ तिथेच आहे. कोणत्या ढिगात आपण आहोत हे ज्याला माहीत नाही त्याने आज पगारपर्ची काढून वर नाव कोणाचं आहे ते बघावं, पीएफचं पासबुक उघडून एस्टॅब्लिशमेंटचं नाव बघावं. युनिफॉर्मवर कंपनीचा लोगो असला म्हणजे आपण कंपनीचे असं नसतं.

आणखी एक गोष्ट, तुम्ही कायद्याने "वर्कर" आहात का. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेला माणूस आयआर कोडमध्ये वर्कर धरत नाहीत, आधी ही मर्यादा १०,००० होती. कंपन्या मशीन चालवणाऱ्या पोरालाही सुपरवायझर नाव देऊन ठेवतात. नावावर जात नाही हे, प्रत्यक्ष काम काय करता त्यावर जातं, म्हणून शिफ्टची लॉगशीट, जॉब कार्ड, प्रॉडक्शनच्या नोंदी ज्यावर तुमची सही आहे त्याचे फोटो जमतील तसे ठेवत जा.

तीनशेचा आकडा

हा सगळ्यात तापलेला मुद्दा आहे म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात (म्हणजे पगाराची नाही, माणसांची) किंवा कारखाना बंद करायचा तर आधी सरकारची परवानगी लागायची. आता ती ३०० पासून लागते. गंमत म्हणजे १९७६ मध्ये हा नियम आणला तेव्हा आकडा ३०० च होता, १९८२ च्या दुरुस्तीने तो १०० वर आणला, आणि राजस्थानने २०१४ मध्ये परत ३०० केला, आणि नंतर २०१८-१९ च्या आर्थिक सर्वेक्षणात त्याच राजस्थानचं उदाहरण देऊन सांगितलं की आकडा वाढवल्याने कारखाने वाढायला मोकळे होतात. सरकारचा मुद्दा हा की ९९ वर येऊन मालक थांबतो, १०० वा माणूस घ्यायला घाबरतो, म्हणून कारखाने छोटेच राहतात आणि नोकऱ्या तयार होत नाहीत. यूनियनचा मुद्दा हा की बहुतेक कारखाने ३०० च्या खालीच आहेत, मग संरक्षण उरलं कोणाला. आणि त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, पण तो कमी लोक बोलतात: कोडमध्ये असं लिहिलंय की ३०० किंवा सरकार अधिसूचना काढून ठरवेल तो त्याहून मोठा आकडा. म्हणजे उद्या ५०० करायला विधानसभेत जायची गरज नाही, एक कागद पुरे. मला स्वतःला ३०० पेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटते.

तुमच्या कारखान्याला लावून बघायचं ते असं. मागच्या १२ महिन्यांत रोज सरासरी किती कामगार कामावर होते हा आकडा लागतो, आजचा नाही. ठेकेदाराची माणसं धरायची का नाही यावर हमखास भांडण होतं, कंपनी फक्त स्वतःच्या मस्टरवरची मोजते, यूनियन सगळी मोजा म्हणते, म्हणून दोन्ही आकडे काढून ठेवा, एक ठेकेदारासकट, एक त्याच्याशिवाय. दोन्ही ३०० किंवा जास्त असतील तर परवानगीचं कलम तुम्हाला आजही आहे. दोन्ही खाली असतील तर नाही. एक वर एक खाली असेल तर तुमची केस वकिलाला दाखवण्यासारखी आहे. आणि हे कलम फक्त कारखाना, खाण आणि मळा यांना आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी ऑफिसात हजारो माणसं असली तरी परवानगीचं हे कलम तिथे लागत नाही, आणि ते जुन्या कायद्यातही लागत नव्हतं, त्यामुळे आयटीतल्या मुलांनी ३०० च्या मेसेजवर झोप घालवू नये, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

परवानगी लागते तिथेही सरकारने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. म्हणजे अर्ज गेल्याचं कळल्याबरोबर यूनियनने आपलं म्हणणं लेखी द्यायला पाहिजे, ऑफिसला वेळ मिळेल तेव्हा बोलावतील असं म्हणत बसलं तर ६० दिवस कधी गेले कळत नाही.

३०० च्या खाली आहात म्हणजे हातात काहीच नाही असं अजिबात नाही. वर्षभर सलग काम झालेलं असेल तर कपातीआधी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, शेवटी आला तो आधी जाणार हा क्रम, ५० किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायच्या ६० दिवस आधी सरकारला नोटीस, हे सगळं आहे. आणि नवीन आलेली चांगली गोष्ट म्हणजे री-स्किलिंग (नवं काम शिकण्यासाठीचा) फंड, कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. हिशोब करून बघा, रोज ६०० रुपये आणि पूर्ण ८ वर्षं झाली असतील तर १५ गुणिले ८ गुणिले ६००, ७२,००० रुपये कपातीचे, ९,००० री-स्किलिंगचे, वर नोटीसचा महिना, वर ग्रॅच्युइटी वेगळी. एचआरने एकत्र आकडा टाइप करून सही करा म्हटलं तर हे चार भाग वेगवेगळे लिहून मागा. आणि काढल्यावर किंवा सोडल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं वेतन कोड म्हणतो.

इंदूरच्या माणसाने या परवानगीच्या वादाकडे बघताना हुकुमचंद मिल विसरू नये. १९९१-९२ च्या सुमाराला ती बंद पडली, तेव्हा १०० चाच नियम होता, म्हणजे आज ज्याच्यासाठी यूनियन भांडते तो नियम पुस्तकात होता, आणि मिल तरीही बंद पडली. हजारो कामगारांचे पैसे तीस वर्षांहून जास्त अडकले, साधारण २२४ कोटींचा चेक निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, तोपर्यंत कितीतरी कामगार वारले होते आणि पैसे घ्यायला त्यांच्या बायका-मुलं आली. अनंत चतुर्दशीला ज्या मिल कामगारांच्या झाकी (सजवलेले चित्ररथ) बघायला आपण सगळे रात्रभर रस्त्यावर उभे राहायचो ते हेच लोक. म्हणून दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना मी एकच विचारीन, कारखाना बंद झाला तर कामगाराचे पैसे किती महिन्यांत हातात येतील ते सांगा. परवानगी १०० वर लागो की ३०० वर, हे उत्तर नसेल तर कामगाराचं भलं अर्धंच होतं, आणि या सगळ्या वादात या प्रश्नावर सगळ्यात कमी बोललं जातं.

३०० च्याच आकड्यावर स्टँडिंग ऑर्डरही गेल्या. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे गैरवर्तन कशाला म्हणायचं, सस्पेंड केल्यावर किती भत्ता, चौकशी किती दिवसांत, सुट्टी कशी, हे लिहून ठेवलेलं पुस्तक. ३०० किंवा जास्त असाल तर चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि तोपर्यंत अर्धा पगार, कामगाराच्या चुकीने नाही तर लांबली तर पुढे ७५ टक्के. खाली असाल तर तुमचं संरक्षण तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये जे लिहिलंय त्यावर बरंचसं येऊन थांबतं. अपॉइंटमेंट लेटर आता प्रत्येकाला द्यायलाच पाहिजे, ते घ्या, आणि सही करायच्या आधी घरी आणून वाचा, मुलांकडून वाचून घ्या.

संपाआधीचे चौदा दिवस

संप बंद झाला का? कागदावर नाही. पण गणित करून बघा.

आधी १४ दिवसांची नोटीस पाणी, वीज, रेल्वे अशा सार्वजनिक सेवांनाच लागायची, बाकी कारखान्यांना नाही. आता सगळ्यांना लागते. नोटीस दिली, ती ६० दिवस चालते, पहिले १४ दिवस संप नाही. त्या १४ दिवसांत समझौता अधिकारी, म्हणजे मालक-कामगारांत समेट घडवणारा लेबर ऑफिसचा माणूस, पहिली बैठक बोलावतो आणि बैठक झाली की समेटाची कारवाई सुरू झाली असं धरतात, आणि कारवाई चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप करायचा नाही. समेट झाला नाही तर कोणतीही बाजू ट्रिब्यूनलमध्ये, म्हणजे कामगार-मालक वादांच्या कोर्टात, जाऊ शकते, मालकसुद्धा, आणि ट्रिब्यूनलमध्ये केस असेपर्यंत आणि निकालानंतर ६० दिवस संप नाही. आता हे सगळं एकापुढे एक ठेवलं तर कायदेशीर संपाचा दिवस येतो कधी? यूनियनवाले म्हणतात येतच नाही, आणि मला त्यांचं हे म्हणणं पटतं. ट्रिब्यूनल चालू असताना संप नको हे जुन्या कायद्यातही होतं, पण तेव्हा केस तिकडे पाठवायची की नाही ते सरकारच्या हातात होतं. आता मालक स्वतः अर्ज करू शकतो. सरळ ट्रिब्यूनलमध्ये जाता येणं ही कामगारासाठी चांगली गोष्ट आहे, सरकारने केस दाबून ठेवायचे दिवस गेले, आणि नेमका तोच दरवाजा संप अडवायला वापरता येतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

सरकार उत्तर देतं की टाळेबंदीलाही (मालकाने स्वतः गेट बंद करून काम थांबवणं) तेच नियम आहेत, मालकालाही १४ दिवसांची नोटीस. खरं आहे, दंडही मालकाला जास्त आहे, बेकायदेशीर टाळेबंदीला ५०,००० ते १ लाख रुपये किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मालकाकडे टाळेबंदीशिवाय दुसरे मार्ग खूप असतात, ऑर्डर दुसऱ्या प्लांटला वळवणं, ठेकेदार बदलणं, मुदत संपली की नवी न देणं, आणि कामगाराकडे काम थांबवणं सोडून काही नसतं, त्यामुळे दोघांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला असं मला वाटत नाही.

जे आत्ता संपाच्या तयारीत आहेत त्यांनी या गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. एका दिवशी ५० टक्के किंवा जास्त लोकांनी मिळून कॅज्युअल लीव टाकली तर तो आता संपच धरतात, ते जुनं हत्यार गेलं. बेकायदेशीर संपात कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, जुन्या कायद्यात दंड ५० रुपये होता. भडकवणाऱ्याला १०,००० ते ५०,०००. म्हणून गेटवर माइक हातात घेणाऱ्या पोराला आधी नोटीसची पोच दाखवा आणि मग माइक द्या. नोटीस लेखी, तारीख टाकून, मालकाला आणि लेबर ऑफिसला, दोन्हीकडची पोच घेऊन. आणि मागण्या नोटीसमध्येच एकेक करून लिहा, कारण समेटाच्या बैठकीत तोच कागद समोर असतो. एक चांगली गोष्ट, संपाची नोटीस आली असेल तर समझौता अधिकाऱ्याने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, तो मागत राहा.

यूनियन कोणाची

एकच नोंदणी झालेली यूनियन असेल तर वाटाघाटी तीच करणार. दोन-तीन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला तीच एकटी बोलणार. कोणाकडेच ५१ नसेल तर कौन्सिल होतं, २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. एकदा ठरलं की तीन वर्षं, दोघांच्या संमतीने पाच. यात चांगलं काय, तर देशभर एक लिखित पद्धत आली, आधी मालक मर्जीतल्या यूनियनशी सही करून मोकळा व्हायचा. वाईट काय, १९ टक्केवाल्याचा आवाज पूर्ण गेला, आणि मस्टरवर परमनंट कमी नि ठेकेदाराचे जास्त असतील तर जे खरं काम करतात ते या मोजणीत येतच नाहीत. करायचं काय, तर सदस्यांची यादी रोजच्या रोज नीट ठेवा, वर्गणीची पावती फाडा, सह्या घ्या. टक्केवारीचं भांडण कागदावर जिंकतात.

इंटक, आयटक, एचएमएस, सीटू अशा दहा केंद्रीय संघटना कोड रद्दच करा म्हणतात, ९ जुलै २०२५ चा देशव्यापी संप त्यांचाच, कोड लागू झाल्यावर २६ नोव्हेंबरचं आंदोलनही त्यांचंच. भारतीय मजदूर संघ म्हणजे बीएमएस वेगळा उभा आहे, वेतन आणि सामाजिक सुरक्षेच्या कोडचं त्यांनी स्वागत केलं, आयआर आणि सुरक्षेच्या कोडवर त्यांचेही आक्षेप आहेत. घरातल्या एखाद्या काकांनी म्हटलं की बीएमएस सरकारच्या जवळचा, तो काय बोलणार, तर त्यांना मे २०२० सांगा, मध्य प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना १,००० दिवस कामगार कायद्यांतून सूट जाहीर केली तेव्हा बीएमएसने उघड विरोध केला होता. म्हणून कोण कोणत्या पार्टीचा यावर मत बनवू नका, कोणत्या कलमावर काय म्हणतो ते विचारा. जो पुढारी कलम सांगू शकत नाही त्याच्यावर वेळ घालवू नका, मग तो लाल झेंड्याचा असो की भगव्या.

फिक्स्ड टर्मवाल्यांसाठी थोडक्यात. पगार, तास, सोयी परमनंटसारख्याच द्यायच्या, ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर, पाच वर्षं थांबायचं नाही. ही खरोखर चांगली तरतूद आहे आणि यूनियनने ती मान्य करायला हवी. पण मुदत संपल्यावर नवी दिली नाही तर ती कपात धरत नाहीत, म्हणजे वर सांगितलेले ७२,००० नाहीत, आणि मुदत किती वेळा वाढवता येईल याला वरची मर्यादा नाही, त्यामुळे परमनंटची जागा हळूहळू हाच प्रकार खाईल ही भीती बिनबुडाची नाही. ठेकेदाराच्या माणसाला फिक्स्ड टर्म समजू नका, त्याला हे सगळं तसंच मिळत नाही, आणि ठेका कामगारांचे नियम आता २० ऐवजी ५० माणसांपासून लागतात.

काढलं तर काय करायचं

२० किंवा जास्त कामगार असतील तर कारखान्यात तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, अर्धे कामगारांचे, अर्धे मालकाचे, जास्तीत जास्त १० जण, आणि बायका कामाला असतील तर त्यांचं प्रतिनिधित्व त्या प्रमाणात. पीथमपूरला कितीतरी कारखान्यांत ही समिती नोटीस बोर्डावरच्या कागदात असते आणि सदस्यांनाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. पहिलं काम हे करा की लेखी विचारा, सदस्यांची नावं काय. तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत द्यायची, समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा, पटला नाही तर ६० दिवसांत यूनियनमार्फत समझौता अधिकाऱ्याकडे.

शिफ्ट, भत्ता, कामाचे तास असं काही बदलत असतील तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. बोर्डावर लागली त्या दिवशी फोटो काढा, तारीख दिसेल असा.

कामावरून काढलं असेल तर कोऱ्या कागदावर सही करू नका, राजीनामा लिहून द्या मग पैसे देतो म्हटलं तरी लिहू नका, कारण राजीनामा दिला की कपातीचा विषयच संपला. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने कळवा की मी कामावर हजर झालो होतो, आत घेतलं नाही. नाहीतर महिन्याभराने कंपनी म्हणते माणूस स्वतःच यायचा बंद झाला. मग समझौता अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथे ४५ दिवसांत काही झालं नाही तर तुम्ही स्वतः सरळ ट्रिब्यूनलमध्ये जाऊ शकता, यूनियन असो नसो. ट्रिब्यूनलमध्ये आता एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो, यूनियनवाल्यांचा प्रशासकीय सदस्यावर आक्षेप आहे की सरकारी माणूस न्याय काय देणार, तो आक्षेप वर कोर्टात लढायचा, तोपर्यंत अर्ज थांबवून ठेवू नका. मुदत दोन वर्षं आहे, आधी तीन होती, आणि जुन्या माणसांच्या डोक्यात अजून तीनच बसलंय, म्हणून ज्यांना काढून वर्ष होत आलंय त्यांनी पगारपर्ची, पीएफ पासबुक, नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलचे कागद, गेट पास, जे काही आहे ते एका फाइलमध्ये लावून या महिन्यातच अर्ज टाकावा.